‘सोडून देणे’ आणि ‘गिव्ह अप’

इंग्रजी शिकणाऱ्या फ्रेंच माणसाला जे छळतं, तेच कोल्हापूरच्या पोरालाही छळतं. ‘गिव्ह’ म्हणजे देणे, ‘अप’ म्हणजे वर, हे त्याला पाठ असतं. पण ‘गिव्ह अप’ म्हणजे सोडून देणे कसं, ते उमगत नाही. अशा जोडीच्या क्रियापदांना इंग्रजीत ‘फ्रेझल व्हर्ब’ म्हणतात. ती आणि इंग्रजी वाक्प्रचार शिकवण्यात वेळ घालवावा का, यावर या शहरात दोन ठाम मतं आहेत. एक वर्गातलं, एक कारखान्यातलं. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले इथल्या फाउंड्रींचं कास्टिंग परदेशी जातं, त्यासाठी इंग्रजीत मेल जातात, आणि पलीकडे वाचणारा अनेकदा इंग्रज नसतो. फ्रेंच, जर्मन, इटालियन असतो. दोन्ही मतं मी इथे अनेकांच्या तोंडून ऐकली आहेत. पुढच्या संवादात ती दोघांच्या तोंडी घातली आहेत: एक हायस्कूलमधून निवृत्त झालेले इंग्रजीचे सर, दुसरा त्यांचाच विद्यार्थी, आता फाउंड्री चालवणारा.

कारखानदार: सर, दहावीला तुम्ही आमच्याकडून वाक्प्रचारांची वही भरून घेतलीत. ‘अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा.’ आम्ही केला, मार्क पडले. पण इतकी वर्षं परदेशी गिऱ्हाईक सांभाळतोय, त्या वहीतलं काही कामाला आलं नाही. कुत्र्या-मांजरांचा पाऊस कुठल्या मेलमध्ये लिहायचा?

सर: वही राहू दे बाजूला. तू लिहितोस कुणाला, ते सांग.

कारखानदार: जास्त करून फ्रान्स आणि जर्मनीला. फ्रेंच माणसाचं इंग्रजी मला पटकन कळतं. तो ‘कॅरी ऑन’ लिहीत नाही, ‘कंटिन्यू’ लिहितो. ‘पुट अप विथ’ नाही, ‘टॉलरेट’. ‘कम बॅक’ नाही, ‘रिटर्न’. एक शब्द, एक अर्थ. माझंही तसंच. दोघांचं जमतं. इंग्रज किंवा अमेरिकन माणसाचा मेल आला की मात्र ‘अप’, ‘ऑफ’, ‘आउट’ची गर्दी होते आणि ऑफिसातली पोरं एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. जे दोघांत चालतंय तेच सगळ्यांना शिकवा की.

सर: फ्रेंच माणूस तसं का लिहितो, हे आधी बघ. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमनं इंग्लंड जिंकलं. त्यानंतर कितीतरी पिढ्या तिथल्या दरबाराची आणि कोर्टाची भाषा फ्रेंच होती. त्यातून इंग्रजीत एकेका अर्थाचे दोन-दोन शब्द झाले. घरातलं ‘गिव्ह अप’, दरबारातलं ‘सरेंडर’. घरातलं ‘गो ऑन’, दरबारातलं ‘कंटिन्यू’. फ्रेंच माणूस दरबारातला शब्द उचलतो, कारण तो मूळ त्याच्याच घरचा. आणि तुला-मला तो सोपा जातो, कारण आपण इंग्रजी शिकलो ते पुस्तकातून, आणि पुस्तकात दरबारी शब्दच जास्त.

कारखानदार: म्हणजे माझंच म्हणणं खरं झालं. दोघांच्या सोयीचा रस्ता तोच.

सर: सोयीचा आहे, बिनधोक नाही. समज, फ्रेंच गिऱ्हाइकानं लिहिलं, ‘वी डिमांड द मटेरियल सर्टिफिकेट.’ तुला वाटेल गडी भडकलाय. त्याच्या भाषेत ‘दमाँदे’ म्हणजे साधं मागणं, विचारणं. त्यानं नम्रपणे विनंती केलेली असते. किंवा तो लिहील, ‘वी विल इव्हेंच्युअली ऑर्डर फाइव्ह हंड्रेड पीसेस.’ इंग्रजीत याचा अर्थ, उशिरा का होईना, मागवूच. फ्रेंचमध्ये त्याच चेहऱ्याच्या शब्दाचा अर्थ ‘जमलं तर’. तू पॅटर्न करायला टाकशील, माल भरून ठेवशील, आणि तो म्हणेल, मी कुठं शब्द दिला होता? एक शब्द, एक अर्थ म्हणतोस, तो एक अर्थ कुणाच्या भाषेतला?

कारखानदार: हा धोका मानला. पण असे फसवे शब्द मोजता येतात. यादी करून टेबलाशेजारी लावली की भागलं. फ्रेझल व्हर्बची यादी संपतच नाही. एकटं ‘मेक अप’ घ्या. चेहरा रंगवणं, गोष्ट रचणं, भांडण मिटवणं, राहिलेलं भरून काढणं, सगळं त्यातच. ‘लुक ओव्हर द ड्रॉइंग’ म्हणजे ड्रॉइंग नजरेखालून घाला. तेच दोन शब्द उलटे जोडून ‘ओव्हरलुक’ केले की दुर्लक्ष करणं. आणि तारखेचं तर विचारूच नका. मराठीत आपण तारीख पुढे ढकलतो, इंग्रज तीच तारीख ‘पुश बॅक’ करतो. तो ‘ब्रिंग फॉरवर्ड’ म्हणाला की आमच्या पोराला वाटतं मुदत वाढली, आणि प्रत्यक्षात कंटेनर आठवडाभर आधी भरायचा असतो. दिशाच उलट्या. म्हणून तर आपल्या देशात सगळे सरळ ‘प्रीपोन’ म्हणतात.

सर: आणि तो शब्द चांगला आहे. मी वर्गात कधी खोडला नाही.

कारखानदार: मग पुढचंही ऐका. विमानाच्या देखभालीची पुस्तकं जगभरच्या मेकॅनिकला कळावीत म्हणून युरोपातल्या विमान उद्योगानं १९८६ मध्ये सोप्या इंग्रजीची नियमावली काढली. आज तिला ‘सिंप्लिफाइड टेक्निकल इंग्लिश’ म्हणतात. ठरावीक शब्द, शक्यतो एका शब्दाला एकच अर्थ, आणि फ्रेझल व्हर्ब करू नका, असा तिचा स्पष्ट नियम आहे. तिथं चूक झाली तर माणसं मरतात, म्हणून हा नियम. आणि परक्यांचं सोडा, इंग्रज-अमेरिकनांचं तरी एकमेकांत कुठं जमतं? दुसऱ्या महायुद्धात दोघांच्या लष्करी बैठकीत ‘टेबल’ या एका शब्दावरून वाद झाल्याचं चर्चिलनं लिहून ठेवलंय. इंग्रजांच्या लेखी विषय ‘टेबल’ करणं म्हणजे आत्ता चर्चेला घेणं, अमेरिकनांच्या लेखी बाजूला ठेवणं. दोघांना हवं होतं एकच, आणि भांडत बसले.

सर: दाखला बिनतोड आहे. आता माझा घे. सी. के. ऑग्डेन नावाच्या इंग्रज विद्वानानं १९३० मध्ये ‘बेसिक इंग्लिश’ काढलं. परक्या माणसाला इंग्रजी सोपी जावी म्हणून अख्खी भाषा ८५० शब्दांत बसवली. क्रियापदं किती ठेवली? अठरा. गिव्ह, गेट, पुट, टेक, गो, कम, मेक अशी. मग ‘एंटर’चं काम कशानं करायचं? ‘गो इन’नं. ‘अबँडन’चं? ‘गिव्ह अप’नं. शब्द कमी केल्याबरोबर त्याला फ्रेझल व्हर्बच्याच दारात जावं लागलं. शब्द मोजायला थोडे झाले, पण शिकणाऱ्याचं ओझं हललं नाही. तू ही क्रियापदं टाळलीस तर त्याजागी शेकडो पुस्तकी क्रियापदं पाठ करावी लागतात. पुस्तकी शब्द टाळलेस तर ही शिकावी लागतात. फुकटचं सोपं इंग्रजी कुठंच मिळत नाही.

कारखानदार: पण पाठ करण्यातही फरक आहे, सर. ‘टॉलरेट’ एकदा पाठ केलं की ते माझं. ‘पुट अप विथ’मध्ये ‘पुट’ नाही, ‘अप’ नाही, ‘विथ’ही नाही. तीन ओळखीची माणसं एकत्र येऊन अनोळखी होतात.

सर: ही तक्रार फार जुनी आहे. सॅम्युअल जॉन्सननं १७५५ मध्ये इंग्रजीचा कोश काढला, त्याच्या प्रस्तावनेतच तो सांगतो की परदेशी माणसाला सगळ्यात अवघड जातात ती हीच क्रियापदं. ‘कम ऑफ’, ‘फॉल ऑन’ असली. फ्रेंच माणसाच्या बाबतीत हे अगदी खरं, कारण त्याच्याकडं असं काम बहुधा एकटं क्रियापद उरकतं. त्याला ‘ईट अप’ सांगितलं की तो विचारतो, खाताना वर काय गेलं? पण हा प्रश्न मराठी पोरानं विचारायचं कारण नाही. तुझी आई तुला म्हणायची, ‘उरलेली भाकरी खाऊन टाक.’ तू भाकरी टाकून दिलीस का?

कारखानदार: नाही. संपवली.

सर: मग ‘टाक’चा अर्थ फेकणे हा कुठं गेला? तो मागं राहिला आणि काम पुरं करण्याचा अर्थ तेवढा उरला. ‘ईट अप’मधल्या ‘अप’चं हेच झालंय. आता एक क्रियापद जवळून बघू. लिहिणे. क्लार्कनं पत्ता ‘लिहून घेतला’. साहेबांनी हमी ‘लिहून दिली’. मुलानं धडा ‘लिहून काढला’. आजोबांनी हिशेब ‘लिहून ठेवला’. कंटाळलेल्या पोरानं निबंध ‘लिहून टाकला’. आणि एकजण रागाच्या भरात राजीनामा ‘लिहून बसला’. लिहिण्याची क्रिया सगळीकडं तीच. पण घेण्यानं ती स्वतःकडं वळली, देण्यानं दुसऱ्याकडं गेली, काढण्यानं शेवटाला पोचली, ठेवण्यानं पुढच्यासाठी राखली गेली, टाकण्यानं हातावेगळी झाली आणि बसण्यानं पस्ताव्याची झाली. तुझ्याच धंद्यात सांगतो: मूळ क्रियापद हे ओतलेलं कास्टिंग, आणि ही दुसरी क्रियापदं म्हणजे त्यावरचं मशिनिंग. माल तोच, पण बसायचा कुठं, ते या कामानं ठरतं. इंग्रजीत ‘राइट डाउन’, ‘राइट आउट’, ‘राइट ऑफ’ हेच करतात.

कारखानदार: पण जोड्या जुळत नाहीत, सर. ‘राइट ऑफ’ म्हणजे ‘लिहून टाकणे’ नव्हे. ‘राइट ऑफ’ म्हणजे बुडीत खाती घालणं. ‘लिहून टाकणे’ म्हणून पोरानं ते हिशेबाच्या मेलमध्ये वापरलं तर माझी उधारीच बुडेल.

सर: जोड्या जुळतील असं मी म्हणत नाही. सवय जुळते, हे म्हणतोय. दुसरा शब्द आपला मूळ अर्थ सोडून पहिल्याला वळण देतो, ही गोष्ट मराठी मुलाच्या अंगात बोलायला लागल्यापासून असते. मो. के. दामल्यांनी १९११ मध्ये ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ लिहिलं. त्याच्या आधीपासून आणि नंतरही आपले वैयाकरण संयुक्त क्रियापद कशाला म्हणावं यावर वाद घालत आले. तो सगळा खल शाळेत येऊन दहावीच्या एका उपप्रश्नात संपतो. इंग्रजीच्या तासाला तर त्याचं नावही निघत नाही. एका तासाला ‘सोडून देणे’, पुढच्या तासाला ‘गिव्ह अप’, आणि मधली भिंत कुणी पाडत नाही.

कारखानदार: सगळीकडं तुमची मराठी उपयोगी पडते का? मला शंका आहे.

सर: नाही पडत, आणि तेही पोरांना सांगायला हवं. पंचगंगा पोहून पार केली, असं आपण म्हणतो. फ्रेंच माणूसही असंच म्हणतो: पार केली, कशी, तर पोहत. क्रियापद ‘पार करणे’चं, पोहणं बाजूला. इंग्रज मात्र ‘स्वॅम अक्रॉस’ म्हणतो. पोहणं हेच क्रियापद, आणि पार जाणं त्या ‘अक्रॉस’मध्ये. लेनर्ड टाल्मी या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञानं जगातल्या भाषांची याच फरकावरून मांडणी केली. म्हणजे वाटचाल सांगताना मराठी फ्रेंचच्या बाजूला बसते आणि काम पुरं झाल्याचं सांगताना इंग्रजीशी हात मिळवते. हा नकाशा हातात असला की शिकणाऱ्याला कळतं, कुठं घरचं चालेल आणि कुठं नव्यानं शिकायचं. फ्रेंच मुलासाठी लिहिलेलं पुस्तक आपल्या मुलाला जसंच्या तसं चालत नाही, ते याचसाठी.

कारखानदार: मग वाक्प्रचारांचं काय? तिथं तर व्याकरणही नाही.

सर: तिथंही तीन ढीग करावेत. पहिला, सगळ्यांकडं असलेला. आपण हवेत इमले बांधतो, इंग्रज हवेत किल्ले बांधतो, फ्रेंच माणूस स्पेनमध्ये किल्ले बांधतो. हे शिकवायला दोन मिनिटं पुरतात. दुसरा ढीग दगाबाज. डोळ्यांत धूळ फेकणे आपल्याकडं आणि इंग्रजीत फसवणुकीसाठी. फ्रेंचमध्ये त्याच चित्राचा अर्थ भपका करून छाप पाडणं. तिसरा ज्याचा त्याचा. भेटायला बोलावून स्वतः न येणं याला फ्रेंच माणूस ‘ससा ठेवला’ म्हणतो. तो पाठच करावा लागतो.

कारखानदार: आणि माझा आक्षेप त्या तिसऱ्या ढिगावर आहे. पुण्या-मुंबईचा माणूस इथं येऊन दर वाक्याला ‘नाद खुळा’ म्हणायला लागला की कसं वाटतं? शब्द बरोबर असतात, जागा चुकते. आमच्या पोरांनी इंग्रजी वाक्प्रचार वापरले की तसंच होतं. लंडनच्या माणसाला ते कानाला टोचतं, फ्रेंच माणसाला कळत नाही. मग कुणासाठी वापरायचे?

सर: वापरू नयेत, इथवर मी तुझ्याबरोबर आहे. ओळखू नयेत, हे मला मान्य नाही. झ्यूल ब्लॉक नावाच्या फ्रेंच पंडितानं मराठीच्या घडणीवर ग्रंथ लिहिला, तो १९२० मध्ये पॅरिसला प्रसिद्ध झाला. पुढं मूळचे फ्रान्सचे गी पॉइटव्हाँ महाराष्ट्रात येऊन राहिले, आणि हेमा राईरकर यांच्यासोबत त्यांनी खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या हजारो ओव्या गोळा केल्या. ओवीतून वाक्प्रचार वजा केले तर हाती काय राहील? बाईच्या मनात काय आहे, ते त्या वळणातच असतं. समोरच्याला मनापासून ऐकायचं असेल तर त्याच्या भाषेची वळणं टाळून चालत नाही. तू माल विकतोस, म्हणून तुला बोलण्याची काळजी आहे. माझी पोरं वाचणार आहेत, ऐकणार आहेत.

कारखानदार: माझी मुलगी इंग्रजी माध्यमात आहे. तिला ‘गिव्ह अप’, ‘हँग आउट’ कुणी शिकवलं नाही. कार्टून बघून आपसूक आलं. ना यादी, ना व्याकरण, ना मराठीचा पूल. कानावर पडत राहिलं की येतं, हे तिच्याकडं बघून पटतं.

सर: ज्याच्या कानावर पडतं त्याला येतं, हे खरंच आहे. तिचं मराठी कसं आहे?

कारखानदार: बोलते. पण ‘होमवर्क करून टाकला’ म्हणत नाही. ‘होमवर्क फिनिश केला’ म्हणते.

सर: बघ. ‘करून टाकला’मधला ‘टाकला’ गळला. आता ‘करून बसली’, ‘करून गेली’, ‘करून दाखवलं’ यांतले फरकही हळूहळू गळतील. ते तिच्या आजीला कळतील, तिला नाही. मला जास्त घोर आहे तो दुसऱ्या मुलाचा. चंदगड, गगनबावडा, राधानगरीच्या मराठी शाळेतल्या. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आली, चांगलं झालं. पण त्या मुलाच्या कानावर इंग्रजी पडते ती शाळेच्या तासापुरती. त्याच्याजवळ एकच भक्कम गोष्ट आहे, ती म्हणजे त्याची मराठी. आणि इंग्रजीच्या तासाला आपण त्याला सांगतो, मराठीत बोलायचं नाही. द्वा. रा. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या. तिच्यात दोष होते, बोलणं येत नसे. पण दोन भाषा शेजारी ठेवून बघायची सवय लागायची. आपल्या राजाराम कॉलेजचे एकेकाळचे प्राचार्य वि. कृ. गोकाक पुढं हैदराबादच्या सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिशचे संचालक झाले. देशाला इंग्रजी कशी शिकवावी हे ठरवणाऱ्या जागेवर बसलेला हा माणूस कन्नडमध्ये कविता लिहीत होता, आणि त्यांना ज्ञानपीठ मिळालं ते कन्नडसाठी. मातृभाषा बळकट असली की परकी भाषा बिचकवत नाही.

कारखानदार: मला तुमचं एवढं पटलं की ओळखणं आणि वापरणं वेगळं धरावं. एक सांगतो, मेलमध्ये माझी पोरं निभावतात. अडतात ती ऑडिटला. गिऱ्हाईक समोर बसून बोलायला लागलं, ‘रूल आउट’, ‘फेज आउट’, ‘साइन ऑफ’ असं भराभर आलं, की आमचा हुशारातला हुशार पोरगा गप्प होतो. भट्टीचं तापमान त्याला तोंडपाठ असतं, मालात वाळू कुठं अडकते ते तो न बघता सांगतो, आणि समोरच्याला वाटतं याला काही येत नाही. हे मला सहन होत नाही.

सर: मग त्यालाच शिकवू. आठवड्यातून एक तास मी येतो. माझी अट एकच: पहिले दोन-तीन तास मराठीचे. ‘घेणे’, ‘देणे’, ‘टाकणे’, ‘बसणे’ काय काय करतात, हे त्यांनी स्वतः शोधायचं. मग ‘अप’, ‘ऑफ’, ‘आउट’. त्यांना कळू दे की ही चाल आपल्याला येते, फक्त पावलं नवी आहेत.

कारखानदार: माझ्याही अटी आहेत. उदाहरणं पुस्तकातली नकोत, आमच्या फाइलमधली घ्या. जे गेल्या वर्षभरात खरंच कुणी लिहिलं-बोललं तेच. आणि ऑफिसातून बाहेर जाणाऱ्या मेलचा नियम बदलणार नाही: तारीख आकड्यात, क्रियापद साधं, वाक्प्रचार नाही. कुणी ‘पुश बॅक’ लिहिलं तर मी ते खोडणार.

सर: खोड. मेल तुझा, पैसे तुझे, नियम तुझा. पण खोडण्याआधी त्या पोराला अर्थ विचार. बरोबर सांगितला तर समज, त्यानं ते सोडून दिलंय. नाही सांगता आला, तर ते त्याच्या हाती कधी आलंच नव्हतं, आणि त्याला माझ्या तासाला पाठव.